भूकंपाच्या वेळी स्थिर राहतं ते काय?

प्रश्न विचारणारा विद्यार्थी विज्ञान-प्रदर्शनासाठी विजेशिवाय चालणारा भूकंपमापक बनवतो आहे. त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. यंत्र जमिनीवरच उभं असतं, जमिनीबरोबर तेही हलतं, मग हालचाल मोजतात ती कशाच्या तुलनेत? चीनमधलं ड्रॅगन आणि बेडकांचं प्राचीन भांडं खरंच चालायचं का? आणि जर्मनीत गोटिंगेनला एका जुन्या यंत्रात १७ टन वजन टांगलेलं आहे. केसाच्या जाडीपेक्षा बारीक हालचाल टिपायला एवढं ओझं कशाला?

माझी सगळी नोकरी भूकंपवेधशाळांतली यंत्रं बसवण्यात, पुसण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. तिसरा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला. १७ टनांचा आकडा लोक नवल म्हणून सांगतात आणि पुढे जातात. तो का, हे सहसा कुणी विचारत नाही. यांत्रिक भूकंपमापकाची सगळी धडपड त्या आकड्यात साठलेली आहे. तिथवर पोचायला थोडा वेळ लागेल, तेवढा धीर धरा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरच्या घरी मिळतं. किल्ल्यांचा जुडगा हातभर दोऱ्याला बांधा आणि दोऱ्याचं टोक चिमटीत धरा. आता हात भरभर डावीउजवीकडे हलवा. हात हलतो, जुडगा मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतो. मग हात अगदी सावकाश सरकवा. जुडगा मुकाट्याने हाताखाली चालत येतो. शेवटी जुडग्याच्या स्वतःच्या झोक्याचा ताल ओळखून त्या तालात हात हलवा. जुडगा उधळतो, हातापेक्षा कितीतरी मोठे झोके घेतो.

तुमचा हात म्हणजे जमीन, चिमूट म्हणजे यंत्राची चौकट आणि जुडगा म्हणजे लंबक. जमीन झपाट्याने मागेपुढे झाली तर जडत्वामुळे लंबक जागेवर राहतो आणि चौकट त्याच्याभोवती हलते. हाच आपला स्थिर बिंदू. त्याला लेखणी लावा, चौकटीला कागद लावा, जमिनीची हालचाल कागदावर उतरेल. जमीन सावकाश हलली तर लंबक तिच्यासोबत जातो आणि कागदावर काहीच उमटत नाही. जमिनीचा ताल आणि लंबकाचा ताल जुळला तर लेखणी जमिनीचं सोडून लंबकाचंच गाणं लिहीत बसते. म्हणजे स्थिर बिंदू कायमचा स्थिर नसतो. लंबकाच्या दोलनकालापेक्षा लवकर येणाऱ्या लाटांपुरताच तो स्थिर असतो.

अडचण इथे सुरू होते. साध्या लंबकाचा दोलनकाल त्याच्या लांबीवर ठरतो. २५ सेंटीमीटरच्या लंबकाचा एक झोका १ सेकंदाचा, एक मीटरच्या लंबकाचा २ सेकंदांचा. १० सेकंद हवे असतील तर लंबक २५ मीटर लांब लागतो आणि २० सेकंदांसाठी सुमारे १०० मीटर. लांबच्या मोठ्या भूकंपाच्या पृष्ठलाटा साधारण २० सेकंदांच्याच असतात. शंभर मीटरचा लंबक टांगायला छत कुठून आणायचं? एकोणिसाव्या शतकातल्या यंत्रकारांपुढे पहिला डोंगर हा होता.

त्याआधी चीनबद्दल. हान राजवटीतले विद्वान चांग हेंग यांनी इसवी सन १३२ मध्ये लोयांग इथल्या दरबारात ते भांडं मांडलं. त्याची माहिती हान राजवटीच्या इतिहासग्रंथात आहे. झाकण असलेलं मोठं तांब्या-काशाचं भांडं, बाहेरून आठ दिशांना आठ ड्रॅगन, प्रत्येकाच्या तोंडात एक गोळी, खाली आ वासून बसलेले आठ बेडूक. धक्का आला की एकाच ड्रॅगनच्या तोंडातून गोळी सुटून बेडकाच्या तोंडात पडायची आणि भूकंप कोणत्या दिशेला झाला ते कळायचं, असं वर्णन आहे. एकदा एक गोळी पडली, लोयांगमध्ये कुणाला काही जाणवलं नव्हतं, लोकांनी शंका घेतली आणि काही दिवसांनी दूर पश्चिमेकडच्या लोंगशीहून भूकंपाची खबर घेऊन स्वार आला, ही हकीकतही तिथलीच.

मूळ भांडं हरवलं. आत एक मुख्य खांब होता आणि त्याला आठ वाटा होत्या, एवढंच ग्रंथ सांगतो; तो खांब वरून लटकता होता की खाली टोकावर तोललेला होता, यावर वाद आहे. वांग चेनतुओ यांनी १९५१ मध्ये केलेल्या प्रतिकृतीत उभा तोललेला खांब आहे, नंतरच्या प्रतिकृतींत लटकता लंबक. संग्रहालयांतून आणि शाळेच्या पुस्तकांतून दिसतं ते चित्र या अशा अंदाजांवर बेतलेलं आहे, हे लक्षात ठेवा.

माझं मत असं आहे की गोळी पडत असणार, यात अशक्य काही नाही. न जाणवणारा धक्का नीट तोललेल्या खांबाला जाणवू शकतो. दिशेबद्दल मात्र मला भरवसा वाटत नाही. भूकंपाची पहिली लाट लाटेच्या वाटेवरच ढकलते किंवा ओढते, त्यामुळे दिशा बरोबर आली तरी पुढचं की मागचं हे कळत नाही. त्या पाठोपाठ येणारी आडवी लाट जास्त जोरकस असते आणि ती वाटेला काटकोनात हलवते. दूरच्या भूकंपात खांबाला पाडणारी लाट बहुतेक वेळा ही दुसरी किंवा तिच्यामागची असते. तरीही अठराशे वर्षांपूर्वी एका माणसाला वाटलं की भूकंपाची बातमी जमिनीकडूनच घ्यावी, घोडेस्वाराची वाट पाहू नये. या विचारापुढे मी हात जोडतो.

चांग हेंगांचं यंत्र भूकंप झाला एवढं दाखवायचं; किती आणि कसा हे लिहायचं नाही. अशा यंत्राला आपण भूकंपदर्शक म्हणू. युरोपातही दीडशे वर्षं हेच चाललं. १७०३ मध्ये फ्रान्सच्या ओतफय यांनी पाऱ्याने काठोकाठ भरलेलं भांडं सुचवलं: पारा ज्या बाजूला सांडेल ती दिशा. १८५६ मध्ये व्हेसुव्हियसच्या वेधशाळेत लुइजी पाल्मिएरी यांनी पाऱ्याच्या वाकड्या नळ्या आणि विजेचं मंडल जोडून असं यंत्र केलं की धक्क्याने पारा हलला की घड्याळ थांबायचं आणि वेळ कळायची. यंत्र देखणं, उपयोगी, पण जमीन कशी हलली याचा आलेख त्यातून मिळत नव्हता.

मधल्या काळातला एक प्रयत्न मला फार शिकवून गेला. १८३९ मध्ये स्कॉटलंडच्या कॉमरी गावाला लहानलहान धक्क्यांनी हैराण केलं होतं. तिथे बसवण्यासाठी जेम्स फोर्ब्स यांनी उलटा लंबक बनवला: वजन वर, दांडा खाली, दांड्याच्या बुडाशी लवचीक तार. काठी तळहातावर तोलतो तसं. गुरुत्वाकर्षण वजनाला खाली पाडू बघतं, तार त्याला सरळ धरू बघते, आणि ही ओढाताण जवळजवळ बरोबरीत आणली की छोट्याशा यंत्राचा दोलनकाल हवा तितका वाढवता येतो. शंभर मीटरच्या छताची गरज उरत नाही. कल्पना अचूक होती. पण वर लावलेल्या पेन्सिलीचं कागदाशी होणारं घर्षण त्या नाजूक लंबकाला अडवून धरत होतं. यंत्रं बसल्यावर वर्षभरात गावकऱ्यांना साठेक धक्के जाणवले, यंत्रांनी टिपले बोटांवर मोजण्याइतके. माणसाला जे कळलं ते यंत्राला कळलं नाही, कारण पेन्सिलीने त्याचा हात धरला होता. १७ टनांची गोष्ट खरी इथे सुरू होते.

घर्षणाचा प्रश्न तसाच राहिला आणि काम पुढे सरकलं ते जपानमध्ये. मेजी काळात जपानी सरकारने परदेशी अध्यापक बोलावले होते. त्यांत खाणशास्त्र शिकवणारे जॉन मिल्न, यंत्रशास्त्र शिकवणारे जेम्स अल्फ्रेड युइंग आणि तारायंत्राचे जाणकार थॉमस ग्रे हे तिघे तोक्योत होते. मिल्न १८७५-७६ मध्ये सैबेरियातून खुष्कीच्या मार्गाने तिकडे पोचले होते. २२ फेब्रुवारी १८८० रोजी योकोहामाला भूकंपाने धुराडी पाडली आणि त्याच वर्षी जपानची भूकंपशास्त्र संस्था स्थापन झाली. भूकंपासाठीच वाहिलेली ही जगातली पहिली संस्था.

युइंग यांनी त्याच वर्षी आडवा लंबक कामाला लावला. जुन्या वाड्याचं दार आठवा. चौकट किंचित कललेली असली की दार आपोआप सरकतं आणि ठरावीक जागी येऊन थांबतं. तिथून हलकं ढकललं तर त्या जागेभोवती अगदी संथपणे मागेपुढे होतं. चौकट जितकी ओळंब्याच्या जवळ, तितका झोका संथ. आडवा लंबक म्हणजे असंच कललेलं दार: आडवा दांडा, टोकाला वजन, आणि दोन बिजागऱ्यांमधली रेघ किंचित पुढे झुकलेली. २५ सेंटीमीटरचा लंबक उभा टांगला तर १ सेकंदाचा. तोच अर्ध्या अंशाहून थोड्या जास्त कलाच्या दारासारखा बसवला तर १० सेकंदांचा. पंचवीस मीटरची उंची एका स्क्रूच्या फेऱ्यात मावली. मला हा सगळ्या यंत्रशास्त्रातला सर्वांत सुंदर डाव वाटतो आणि आजही तो स्क्रू फिरवताना हात हळू होतो.

युइंग यांनी असे दोन लंबक काटकोनात बसवले आणि त्यांच्या लेखण्या घड्याळी यंत्राने सतत फिरणाऱ्या, काजळी धरलेल्या काचेच्या तबकडीवर टेकवल्या. एरवी लेखणी त्याच वर्तुळावरून फिरत राहायची. भूकंप आला की वर्तुळ नागमोडी व्हायचं. नोव्हेंबर १८८० पासून नोंदी मिळू लागल्या आणि त्यांनी भूकंपाबद्दलची समजूतच बदलली. तोवर मोठमोठे जाणकार भूकंप म्हणजे एक मोठा हिसका धरून चालले होते. पडलेल्या खांबांच्या आणि भिंतींतल्या भेगांच्या दिशेवरून तो हिसका कुठून आला हे काढायचे. काचेवर दिसलं ते वेगळंच: हालचाल हळूच सुरू होते, पुष्कळ वेळ चालते, दिशा सारखी बदलते, तिच्यात एकच एक मोठा हिसका दाखवता येत नाही, आणि माणसाला चांगला जाणवलेल्या धक्क्यातही जमीन प्रत्यक्षात मिलिमीटरच्या अंशानेच सरकलेली असते. सेकिया सेइकेइ यांनी तर १५ जानेवारी १८८७ च्या भूकंपात जमिनीचा एक कण कसा फिरला ते तार वाकवून दाखवलं. लोकरीचा गुंता असावा तशी ती तार दिसते. १८८६ मध्ये ते भूकंपशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि या विषयाचे ते जगातले पहिले प्राध्यापक.

आडव्या लंबकाने दुसरी गोष्ट केली ती कुणाच्या ध्यानीमनी नसताना. जर्मनीत अर्न्स्ट फॉन रेबॉय-पाश्वित्स आडव्या लंबकाने जमिनीचा अतिसूक्ष्म कल मोजत होते. चंद्राच्या ओढीने जमीन कलते का, हे त्यांना पाहायचं होतं. लेखणीऐवजी त्यांनी आरसा आणि प्रकाशाचा किरण वापरला होता, त्यामुळे घर्षण नव्हतं. १७ एप्रिल १८८९ रोजी पोट्सडॅम आणि विल्हेल्म्सहाफेन या दोन्ही ठिकाणच्या पट्ट्यांवर विचित्र फुगवटा आला. पुढे त्यांनी जपानमधल्या भूकंपाची बातमी वाचली आणि वेळा ताडून पाहिल्या. भूकंप तोक्योत झाला होता, लाट पृथ्वीच्या पोटातून जर्मनीत आली होती. भूकंप त्याच देशात मोजावा लागतो ही समजूत त्या दिवशी संपली. जगभर सारख्या यंत्रांचं जाळं विणावं असं ते लिहीत राहिले. १८९५ मध्ये क्षयाने ऐन तरुणपणी गेले.

ते जाळं मिल्न यांनी विणलं. १८९५ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि आइल ऑफ वाइट बेटावरच्या शाइड गावी राहिले. त्यांच्या आडव्या लंबकाची नोंद प्रकाशाने, फोटोच्या कागदावर व्हायची. एकाच घडणीची ही यंत्रं जगभर गेली आणि त्यांत आपणही आलो. १२ जून १८९७ चा आसामचा महाभूकंप झाला तेव्हा भारतात असा एकही दोलक, म्हणजे लंबकाचं यंत्र, नव्हता. १८९८-९९ मध्ये कोलकात्याच्या अलीपूरला, मुंबईच्या कुलाब्याला आणि दक्षिणेत कोडाईकनालला मिल्नचे दोलक बसले. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस तेव्हा तिथे होते. पुढे १९३० मध्ये कुलाब्याचेच सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी भारतीय समुद्रांतल्या वादळी हवामानाने भूकंपमापकात उमटणाऱ्या सूक्ष्म थरथरीवर लिहिलं. मुंबईत पावसाळा लागला की रेघ जाड होते, हे आमच्या धंद्यात प्रत्येकाला माहीत असतं. समुद्र खवळला की जमीन बारीक कापत राहते.

मिल्नच्या यंत्रात दोन उणिवा होत्या. फोटोचा कागद महाग, म्हणून तो फार हळू सरकवायचे आणि लाटा एकमेकींवर चढून काळा पट्टाच दिसायचा. दुसरी उणीव जास्त गंभीर होती: लंबकाला आवर घालणारं काही नव्हतं. झोपाळ्याला एकदा ढकललं की आपण हात काढल्यावरही तो हलत राहतो, तसं जमीन थांबली तरी लंबक हलायचा. पट्ट्यावरची भली मोठी हालचाल जमिनीची किती आणि लंबकाची स्वतःची किती, हे सांगता येत नव्हतं.

ही गाठ सोडवली गोटिंगेनच्या एमिल विखर्ट यांनी. लंबकाला हवेचा दट्ट्या जोडायचा. नळकांड्यात सैलसर बसलेला दट्ट्या, बाजूच्या फटीतून हवा सावकाश जाते-येते आणि झोक्याची ताकद खाऊन टाकते. जमीन थांबली की लंबक एक-दोन झोक्यांत थांबतो. याला अवमंदन म्हणतात. १८९८ च्या सुमारास त्यांनी हा विचार मांडला आणि तिथून भूकंपालेख खऱ्या अर्थाने वाचता येण्याजोगा झाला. तुमच्या प्रतिकृतीत बाकी काही राहिलं तर चालेल, हे राहू देऊ नका. प्रदर्शनांत पाहिलेल्या बहुतेक प्रतिकृती मी या एका गोष्टीवर नापास करेन.

आता १७ टन. विखर्टना कागद वेगाने फिरायला हवा होता आणि खर्च परवडायला हवा होता, म्हणून त्यांनी फोटो सोडून काजळीचा कागद घेतला. म्हणजे लेखणी आली, म्हणजे घर्षण आलं, म्हणजे पुन्हा फोर्ब्सची पेन्सिल. लेखणीचं टोक काजळीवर घासताना अगदी किरकोळ जोर लागतो. पण लंबक आणि लेखणी यांच्यामध्ये तरफा आहेत. हालचाल २०० पट मोठी करून दाखवायची असेल तर त्याच तरफांतून उलट दिशेने लेखणीचा अडथळाही लंबकाला २०० पट होऊन जाणवतो. तेवढ्या अडथळ्याने लंबक जितका चुकेल, ती चूक कागदावर पुन्हा २०० पट होऊन दिसते. एकदा जाताना, एकदा येताना. म्हणून वर्धन, म्हणजे हालचाल किती पट मोठी दिसते ते, १० पट वाढवायचं आणि चूक तेवढीच ठेवायची, तर बाकी सगळं सारखं असताना वजन १०० पट वाढवावं लागतं. हालचाल टिपायला वजनाची गरज नाही. सुईच्या टोकाच्या घर्षणाला न जुमानण्यासाठी वजन लागतं.

विखर्टचा मोठा उलटा लंबक सुमारे १२०० किलोचा होता आणि वर्धन साधारण २०० पट. त्यांचं दुसरं यंत्र २००० पटींच्या आसपास वर्धन करणारं. वरच्या हिशेबाने त्याला शंभराहून जास्त टन लागले असते. पण ते जवळच्या, झटपट येणाऱ्या लाटांसाठी होतं, म्हणून दोलनकाल सेकंद-दोन सेकंदांचाच ठेवता आला. दोलनकाल लहान म्हणजे लंबकाला जागेवर ओढणारा जोर जास्त, आणि घर्षणाची मात्रा कमी चालते. त्यामुळे बॅराइटसारखा जड दगड भरलेल्या पोलादी पात्राच्या १७ टनांत भागलं. ते यंत्र आजही गोटिंगेनच्या टेकडीवर काजळीच्या कागदावर रेघ ओढतं आहे. तिथेच चार टनांचा पोलादी गोळा चौदा मीटरवरून पाडून लुडगर मिन्ट्रॉप कृत्रिम भूकंप करायचे. तेलासाठी जमिनीचं पोट तपासण्याच्या आजच्या पद्धतीची ही सुरुवात.

काजळीबद्दल थोडं सांगतो, कारण ते मी हाताने केलं आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा क्षेत्रकामाच्या यंत्रांत संवेदक विजेचा असला तरी नोंद काजळीच्या कागदावरच व्हायची. गुळगुळीत कागद नळकांड्यावर ताणून गुंडाळायचा, भगभगणाऱ्या केरोसिनच्या ज्योतीवर एका गतीने फिरवायचा. काजळी जाड बसली तर सुई रुतते, पातळ बसली तर रेघ दिसत नाही. नाकपुड्या काळ्या व्हायच्या. चोवीस तासांनी कागद उतरवायचा, घड्याळाच्या खुणा तपासायच्या, काट्याने तारीख कोरायची आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेतून, सुतार पॉलिशला वापरतात त्याच लाखेतून, एका दमात ओढून दोरीवर वाळत घालायचा. लाख बसेपर्यंत त्या कागदाला श्वासही लागू द्यायचा नाही. एका पहाटे घाईत माझी बाही घासली आणि जवळच्या धक्क्याची नेमकी सुरुवात पुसली गेली. बाकीची सगळी थरथर शाबूत होती, पण सुरुवात गेली की वेळ गेली, आणि वेळ गेली की त्या कागदाची निम्मी किंमत गेली. ज्या ज्येष्ठ सहकाऱ्याने मला शिकवलं ते रागावले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून मला बाह्या कोपराच्या वर दुमडायला लावल्या. त्या दुमडलेल्याच राहिल्या.

सुरुवातीला एवढं महत्त्व का, तर पहिली लाट आणि दुसरी लाट यांच्यामधल्या सेकंदांवरून अंतर निघतं. जवळच्या भूकंपाला आम्ही त्या सेकंदांना साधारण आठाने गुणतो आणि किलोमीटर मिळतात. घड्याळ थोडं चुकलेलं असलं तरी हे अंतर चुकत नाही, कारण दोन्ही लाटा एकाच चुकलेल्या घड्याळाने मोजलेल्या असतात. जुन्या वेधशाळांना याचा फार मोठा आधार होता.

अशा यंत्रांनी काय मिळवून दिलं हे पाहिलं की काजळी सार्थकी लागल्यासारखी वाटते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी आसामच्या भूकंपाचा अभ्यास केला. परदेशात उमटलेल्या नोंदींवरून १९०० मध्ये त्यांनी तीन प्रकारच्या लाटा वेगळ्या दाखवल्या आणि १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचा पुरावा मांडला. ८ ऑक्टोबर १९०९ ला झाग्रेबजवळ भूकंप झाला. तिथल्या आंद्रिया मोहोरोविचिच यांच्याकडे विखर्टचं यंत्र होतं. जिथे एक पहिली लाट हवी तिथे नोंदींमध्ये दोन दिसत होत्या, त्यावरून त्यांनी भूकवचाचा तळ शोधला. काजळीवरच्या रेघांनी हे सगळं केलं. १९०६ च्या सुमारास रशियाच्या बोरिस गॅलिट्झिन यांनी लंबकाला चुंबक आणि वेटोळं लावून हालचालीची वीज केली, लंबकाला अडवणारं लेखणीचं घर्षण गेलं आणि टनांची गरजही गेली.

दुसऱ्या अवस्थेतला, म्हणजे जमिनीच्या मागोमाग जाणारा लंबक मी मघाशी आंधळा ठरवला होता. ते पूर्ण खरं नव्हतं. फार ताठ, फार लहान दोलनकालाचा लंबक जमिनीसोबत जाताना किंचित मागे राहतो, आणि तो किती मागे राहिला यावरून त्वरण मोजता येतं. इमारतींना आणि धरणांना त्वरणाचीच फिकीर असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना धरणाच्या आतल्या गॅलरीत असंच एक यंत्र होतं. ते धक्क्याने जागं झालं आणि त्याने गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.६३ पट त्वरण नोंदलं. धरणांच्या भूकंपरोधक रचनेबद्दल जगभर बोललं जातं तेव्हा ती नोंद आजही निघते.

आता तुमचं यंत्र. उलटा लंबक सोडा, तो तोलायला अनुभव लागतो. दाराच्या घडणीचा आडवा लंबक करा. दीड-दोन फुटी उभा खांब जाड पाटावर पक्का बसवा. अर्ध्या मीटरची अ‍ॅल्युमिनियमची नळी दांडा म्हणून घ्या, टोकाजवळ दोन किलोचं तराजूचं वजन बांधा. नळीचं मागचं टोक टोकदार स्क्रूवर टेकू द्या आणि वजनाच्या बाजूने बारीक तार खांबाच्या माथ्यापर्यंत न्या. पाटाला खालून तीन लेव्हलिंग स्क्रू लावा, त्यांतला मागचा कल ठरवेल. आधी २-३ सेकंदांचा झोका मिळवा आणि मग तो स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत ८ सेकंदांपर्यंत या. त्यापुढे लोभ धरू नका, दांडा एका बाजूला कोसळून तिथेच बसेल.

दांड्याला पत्र्याचा उभा तुकडा जोडून तो इंजिन ऑइलच्या वाडग्यात बुडवा. दांडा बोटभर सरकवून सोडा: मधली जागा थोडीशी ओलांडून तो परत येऊन थांबला की अवमंदन बरोबर. लेखणीला बॉलपेन किंवा स्केचपेन मुळीच नको. खराट्याचा बारीक हीर आणि काजळी धरलेला कागद घ्या, वर्धन दोन-तीन पटींपेक्षा जास्त ठेवू नका. आता दोन किलोत ते का, हे तुम्हालाच सांगता येईल.

यंत्र टेबलावर ठेवू नका आणि वरच्या मजल्यावर तर नाहीच. तळमजल्यावर, जमिनीला टेकलेल्या फरशीवर ठेवा, वर काचेची पेटी झाका, नाहीतर पंख्याचा वारा भूकंप म्हणून लिहिला जाईल आणि दुसऱ्या आठवड्यात कोळी दांड्याला जाळं बांधेल. मग एक प्रयोग करा. दांडा शांत झाला की यंत्राच्या डावीकडे दोन हातांवर उभे राहा आणि काही न करता थांबा. दांडा तुमच्या बाजूला किंचित सरकलेला दिसेल. तुमच्या वजनाने फरशी तेवढी वाकलेली असते. उजवीकडे जा, तो उजवीकडे येईल. परीक्षकांना प्रदर्शनात हेच करून दाखवा, आणि त्यांनाही एकेक करून उभं करा.